पॉइंटर आणि हाउंड कुत्र्यांचा संकर

पक्ष्याच्या वासावर जागीच थबकणारे पॉइंटर आणि जनावराच्या मागे धावणारे हाउंड, या दोन प्रकारांच्या शिकारी कुत्र्यांपासून घेतलेली मिश्र पैदास. एकाच कुत्र्याने पक्षीही दाखवावा आणि चार पायांचे जनावरही गाठावे, हा या संकरामागचा हेतू.

दोघांच्या कामाची रीत परस्परविरोधी आहे. पॉइंटर डोके वर ठेवून वाऱ्यावरून येणारा वास घेतो. धुऱ्यावरच्या गवतात तितर किंवा लावा दडलेला असला, की तो पाऊल उचललेल्या अवस्थेतच ताठ उभा राहतो आणि नाक पक्ष्याच्या दिशेला धरतो. वासावर चालणारा हाउंड नाक जमिनीला लावून पावलांचा माग काढतो, अनेकदा मोठ्याने भुंकत. नजरेवर चालणाऱ्या हाउंडची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्राच्या ओळखीचा कारवानी याच प्रकारचा. समोर ससा उठला की तो सुटतो, त्याला वासाची फारशी गरज नसते. म्हणजे एकाचे कसब थांबण्यात, तर दुसऱ्याचे सुटण्यात. त्यामुळे थांबण्याचा गुण आणि वेग यांची सरळ बेरीज संकरात होत नाही. काही पिल्ले क्षणभर थबकतात आणि मग पक्ष्यावर झेप घेतात, काही भुंकून पक्षी आधीच उडवतात. या संकरातल्या कुत्र्यांची आपसात पैदास केली, तर दुसऱ्या पिढीत गुण आणखी विखुरतात, कारण अशा वर्तनामागे एक नव्हे, अनेक जनुके असतात.

तरीही प्रयोग जुना आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात शिकारीचे शौकीन कर्नल थॉर्नटन यांचा ‘डॅश’ हा फॉक्सहाउंडचे (कोल्ह्याच्या शिकारीसाठीच्या हाउंडचे) रक्त असलेला पॉइंटर गाजला होता. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर या जातीच्या पूर्वजांतही माग काढणारे हाउंड आहेत. पण ती जात एका विणीत तयार झालेली नाही. काटेकोर निवडीच्या कितीतरी पिढ्या त्यामागे आहेत, आणि हौशी संकर करणारे नेमके हेच विसरतात.

विदर्भात पॉइंटर ब्रिटिश अंमलातल्या बंदुकीच्या शिकारीबरोबर आला. त्याआधीच्या स्थानिक शिकारीत फासेपारध्यांचे मुख्य साधन फासे आणि जाळी हेच होते. इथले हवामानही वासावरच्या कामाला सोयीचे नाही. हिवाळ्यात पहाटे दव असते तेव्हा जमीन वास धरून ठेवते. उन्हाळ्यात मात्र तापलेल्या, कोरड्या मातीवर माग लवकर विरतो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते थंड होते, म्हणून चैत्र-वैशाखात दुपारी पळवलेले कुत्रे उष्माघाताने मरूही शकते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. कायद्याच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर पाठलाग करणे, हाकून नेणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. म्हणजे बंदूक नसताना सशावर कुत्रे सोडले तरी ती शिकारच. तूर, हरभरा आणि पऱ्हाटी (कपाशी) उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांचा व रोह्यांचा (नीलगायींचा) शेतकऱ्यांना होणारा त्रास खरा आहे, मोठाही आहे. त्यावर कलम ११ खाली लेखी परवानगीची तरतूद आहे; ती मागण्याचा हक्क शेतकऱ्याने वापरावा. कुत्र्यांची टोळी अंगावर घालणे हा त्याचा पर्याय नव्हे. शिवाय उलटलेला नर डुक्कर सुळ्यांनी कुत्र्याचे पोट फाडतो.

आज अशा मिश्र रक्ताच्या कुत्र्याला शेतात शोभणारे काम राखणीचे. तीक्ष्ण नाक आणि मोठा आवाज जागलीला उपयोगी पडतात. ताडोबा, मेळघाट, पेंच यांच्या काठावरच्या गावांत मात्र ते मोकळे सोडू नये. बिबट्या कुत्री उचलतो, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग वाघ-बिबट्यांनाही होतो. रेबीजबरोबर डिस्टेंपरची लसही पिल्लू लहान असतानाच सुरू करावी लागते.