वानुआतूच्या वर्गातून हेगपर्यंत : हवामानबदलावरील न्यायालयीन मताची पार्श्वभूमी

२३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर कर्तव्ये काय, यावर एकमताने सल्लागार मत दिले. हा प्रश्न वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटदेशाने आणला, असे बातम्यांत सांगितले जाते. ते खरे आहे, पण कल्पना सरकारची नव्हती. मार्च २०१९ मध्ये वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला येथील विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ती मांडली. पॅसिफिकमधल्या आठ देशांतून ते आले होते आणि आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याच्या तासाला त्यांच्यापुढे प्रश्न होता की वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या हवामान वाटाघाटींना धक्का देणारे काही कायद्यात आधीच आहे का.

विद्यार्थ्यांनी जगाच्या कारभाराचे आराखडे मांडणे तसे जुनेच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अमेरिकी कॉलेजांत राष्ट्रसंघाची प्रतिरूप अधिवेशने भरत. दुसरे महायुद्ध चालू असतानाच तिथल्या शाळकरी मुलांनी जागतिक संघराज्यासाठी संघटना उभी केली. आपल्याकडच्या ‘एमयूएन’ (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची प्रतिरूप अधिवेशने) स्पर्धा त्याच परंपरेतल्या, ब्लेझर आणि प्रमाणपत्रांसकट. यातल्या मोठ्या योजनांत जागतिक संघटनेची सनद, म्हणजे मूळ करारच, नव्याने लिहायचा असे, म्हणून त्या वहीत राहिल्या. पोर्ट व्हिलाच्या मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला हातही लावला नाही. तिच्या कलम ९६ नुसार आमसभा, म्हणजे सर्व सदस्य देशांची सभा, कोणत्याही कायदेशीर प्रश्नावर न्यायालयाचे मत मागू शकते आणि तिथे कुणाचा नकाराधिकार आडवा येत नाही. त्यांनी तेवढेच कलम उचलले.

ही वाट आधीही वापरली गेली होती. न्यूझीलंडमधल्या काही नागरिकांच्या पुढाकारातून अण्वस्त्रांच्या वैधतेचा प्रश्न न्यायालयापुढे नेला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने विचारलेला प्रश्न ‘तुमच्या कार्यक्षेत्राबाहेरचा’ म्हणून परत आला, आमसभेने विचारलेल्याला १९९६ मध्ये उत्तर मिळाले. दार आमसभेचेच ठोठवायचे, हा धडा तिथला.

सगळ्यात जास्त खल झाला तो मत मागायचे की सरळ खटला भरायचा, यावर. आजही अनेक जण विचारतात की बंधनकारक नसलेले मत घेऊन करायचे काय? प्रदूषण करणाऱ्या देशाला नाव घेऊन कोर्टात का खेचले नाही? ऐकायला हे बाणेदार वाटते, पण खटल्याला प्रतिवादी देशाची संमती लागते. अमेरिकेने न्यायालयाची सक्तीची अधिकारिता (म्हणजे खटले चालवण्यास आगाऊ दिलेली संमती) निकाराग्वाने तिच्यावर भरलेल्या खटल्याच्या वेळी, १९८० च्या दशकातच नाकारली. चीन ती मानत नाही. भारत मानतो, पण अटींच्या लांबलचक यादीसह. त्यातून मार्शल बेटांचा दाखला ताजा होता. अणुचाचण्यांनी पोळलेल्या या देशाने २०१४ मध्ये नऊ अण्वस्त्रधारी देशांवर दावे लावले. त्यांतले भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन यांच्याविरुद्धचे तीनच पुढे सरकले. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यायालय म्हणाले की पक्षांमध्ये ‘वाद’ अस्तित्वातच नव्हता, सबब आम्हाला अधिकार नाही. भारताच्या प्रकरणात हे ९ विरुद्ध ७ मतांनी ठरले. ब्रिटनच्या प्रकरणात मते ८-८ अशी पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने दावा संपला. मूळ मुद्द्याची सुनावणी झालीच नाही. बड्या देशांवर खटला भरणे म्हणजे काय, हे एवढ्यावरून कळावे.

मत मागण्यातही जोखीम होतीच. न्यायालयाने गुळमुळीत उत्तर दिले असते तर प्रदूषकांच्या हाती दाखलाच आला असता आणि वाटाघाटींत जे जेमतेम कमावले तेही कमकुवत झाले असते. शिवाय २०११ मध्ये पलाऊ या पॅसिफिकमधल्याच देशाने असाच प्रयत्न केला होता. सीमेपलीकडे होणाऱ्या हानीची जबाबदारी हा त्याचा रोख. अमेरिकेच्या विरोधापुढे तो मतदानापर्यंतही पोचला नाही.

म्हणूनच प्रश्नाची भाषा इतकी सपाट ठेवलेली दिसते. पहिल्या भागात देशांची कर्तव्ये काय, एवढेच विचारले आहे. दुसऱ्या भागात, कृतीने वा निष्क्रियतेने लक्षणीय हानी केलेल्या देशांवर कोणते ‘कायदेशीर परिणाम’ होतात, असे विचारले आहे. नुकसानभरपाई हा शब्द प्रश्नात नाही, कुणा देशाचे नावही नाही. काहींना ही माघार वाटली. माझ्या मते सगळ्यात हुशारीचे काम इथेच झाले. देशांच्या जबाबदारीच्या कायद्यात ‘परिणाम’ म्हटले की कृत्य थांबवणे, पूर्वस्थिती आणणे, भरपाई देणे हे सगळे आपोआप येते. ते शब्द उघड लिहून सह्या गमावण्यात काही अर्थ नव्हता. आजच्या आणि पुढच्या पिढ्यांचा उल्लेख मात्र मजकुरात टिकून राहिला.

पुढचा प्रवास कागदावर सरळ दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तुवालूत भरलेल्या प्रादेशिक नेत्यांच्या बैठकीने प्रस्तावाची अनुकूल नोंद घेतली, म्हणजे फारसे काही केले नाही. एप्रिल २०२० मध्ये हॅरॉल्ड चक्रीवादळाने वानुआतूला झोडपले, त्यात कोविड. सप्टेंबर २०२१ मध्ये वानुआतूने पुढाकार जाहीर केला. मार्च २०२३ च्या सुरुवातीला जूडी आणि केविन ही दोन वादळे काही दिवसांच्या अंतराने तिथे धडकली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला आमसभेने ठराव मतदानाविना संमत केला. १३० हून अधिक देश सहप्रायोजक होते.

डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत ९६ देश बोलले. भारताने श्रीमंत देशांची ऐतिहासिक जबाबदारी आणि समन्यायाचा मुद्दा ठासून मांडला, तो रास्तच होता. पण हवामान करारांत आहे त्यापलीकडे नवी कर्तव्ये लादू नका, हेही भारताने सांगितले. नेमका हाच बचाव अमेरिका आणि सौदी अरेबियाचाही होता. ज्यांच्यावर बोट रोखायचे त्यांच्याच बाकावर जाऊन बसण्याची ही वेळ आपल्यावर का आली, याची चर्चा आपल्याकडे झाली नाही.

न्यायालयाने तो बचाव फेटाळला. करार असले तरी रूढ आंतरराष्ट्रीय कायदाही (देशांच्या प्रस्थापित वागणुकीतून बंधनकारक झालेले नियम) लागू होतो, १.५ अंशांची मर्यादा हे तापमानवाढीचे प्राथमिक उद्दिष्ट आहे. जीवाश्म इंधनाचे उत्पादन, त्याचे परवाने आणि अनुदाने यांतूनही देशाकडून बेकायदा कृत्य घडू शकते. बेटांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मोलाची होती. समुद्र चढला म्हणून सागरी हद्दीच्या ठरलेल्या आधाररेषा (किनाऱ्यालगतच्या ज्या रेषांपासून हद्द मोजतात त्या) बदलण्याचे बंधन नाही. जमीन बुडाली म्हणून देश आपसूक संपत नाही, असेही मतात सुचवले आहे.

कोणत्या देशाने किती हानी केली आणि कुणाला किती द्यायचे, हे मात्र न्यायालयाने ठरवले नाही. ते प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे पाहावे लागेल. त्यासाठी खटलाच लागेल, आणि संमतीची अट अजून तशीच आहे.