फुप्फुस छातीला चिकटवताना

फुप्फुसाचा स्वभाव आक्रसण्याचा. ते पसरलेलं राहतं, कारण त्याच्यावरचं आवरण आणि छातीचं आतलं अस्तर यांच्यामधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. या फटीत हवा शिरली की फुप्फुस मिटतं. हाच न्यूमोथोरॅक्स.

उंच, सडपातळ तरुणांना तो कसलाही मार न लागता होऊ शकतो. फुप्फुसाच्या शेंड्यावरचा हवेचा बारीक फुगा (ब्लेब) फुटतो, छातीत एका बाजूला कळ येते, धाप लागते. सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका कितीतरी जास्त. हवा थोडी असेल तर ती आपोआप शोषली जाते; जास्त असेल तर सुईने किंवा नळी घालून काढतात. पण पहिल्या वेळेनंतर सुमारे एक तृतीयांश जणांना हा त्रास पुन्हा होतो. तसं झालं, किंवा नळीतून हवा येणं थांबेचना, की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

पूर्ण भूल देऊन रुग्णाला कुशीवर झोपवतात. श्वासनलिकेत दुहेरी नळी घातल्याने एकाच फुप्फुसाने श्वास चालू ठेवता येतो, दुसरं मिटून सर्जनला जागा मिळते. पोटाच्या दुर्बिणीसारखा वायू भरावा लागत नाही. कारण बरगड्यांचा पिंजरा मुळातच ताठ असतो. एक-दोन सेंटिमीटरच्या दोन-तीन छेदांतून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात. स्टेपलर फुगे असलेला भाग कापतो आणि त्याच वेळी कडा शिवतो.

मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं काम. छातीचं अस्तर मुद्दाम खरवडतात किंवा त्यावर निर्जंतुक टाल्क (एका खनिजाची बारीक पूड) फवारतात. तिथे दाह होतो आणि भरून येताना फुप्फुस छातीला चिकटतं. पुढे एखादा फुगा फुटलाच, तरी हवेला साचायला फट उरत नाही.

गंमत म्हणजे, छातीत दुर्बीण रुळली ती नेमक्या उलट कामासाठी. 1910 मध्ये स्वीडनचे डॉक्टर याकोबेउस यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण वापरून छातीत डोकावल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हा क्षयरोगात फुप्फुसाला विश्रांती म्हणून ते मुद्दाम मिटवत. ते मिटू न देणारे चिकटलेले पट्टे याकोबेउस पुढे दुर्बिणीतून तोडू लागले.

छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीनंतर त्रास उलटण्याचं प्रमाण थोडं जास्त आहे. तरी दुखणं कमी आणि घरी लवकर जाता येतं, म्हणून बहुतेक ठिकाणी पहिली पसंती दुर्बिणीलाच मिळते. बरगडीखालची नस दुखावल्याने छेदाजवळ बधिरपणा मात्र काही महिने राहू शकतो. विमानप्रवास कधी करायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. आणि स्कूबा डायव्हिंग हे काही जणांना कायमचंच सोडावं लागतं.