कमरखाचं झाड उंच का होत नाही, आणि त्याला उंच करायच्या भानगडीत का पडू नये

थंडी सुरू झाली की बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये पेरू-आवळ्याच्या बाजूला पिवळट हिरवी पाच धारांची कमरखं दिसायला लागतात. मॉलमध्ये गेलात तर तेच फळ स्टार फ्रूट म्हणून चकचकीत ट्रेमध्ये, तिप्पट भावाने. फळ बहुतेकांना माहीत असतं पण झाड बघितलं की बडोदेकर गोंधळतो, हे झाड म्हणायचं का झुडूप? कारण नीट खोडच दिसत नाही, जमिनीपासून दीड-दोन फुटांवरच फांद्या सुटलेल्या आणि त्यांची टोकं खाली वाकलेली.

तर ते झाडच आहे, फक्त बुटकं. मूळचं आग्नेय आशियातलं, शास्त्रीय नाव अॅव्हेरोआ कॅरॅम्बोला. पूर्ण वाढलं तरी उंची २० ते ३० फूट आणि आडवा पसारासुद्धा जवळजवळ तेवढाच, म्हणजे साधारण २० ते २५ फूट. बुंधा मात्र पाऊण-एक वीत जाड, बस. वाढतंही निवांत. आपल्याकडच्या टेनामेंटमागच्या जागेत ते बहुतेक वेळा १२-१५ फुटांवरच रेंगाळताना दिसतं.

आता असं का? झाडाच्या शेंड्याच्या कळीत ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवतं. हा दाब जोरात असला की झाड सरळसोट वर जातं, आपल्या सोसायट्यांच्या गेटवरचे आसोपालव (उंच सरळ वाढणारे अशोक) बघा ना, उभेच्या उभे. कमरखात शेंड्याचा हा वट कमी, म्हणून बाजूच्या कळ्या पण फुटतात, मग त्यांच्याही बाजूच्या, असं होत होत सगळा पसारा आडवा वाढतो आणि घुमटासारखा गोल दाट डेरा तयार होतो.

आणि इथेच आपले माळीभाई घोळ घालतात. "खालचं सगळं साफ करून टाकतो, झाड वर जाईल" असं म्हणून खालच्या फांद्या छाटतात, आपल्यालाही ते नीटनेटकं दिसतं. पण कमरखाची फुलं फक्त बाहेरच्या टोकांवर येत नाहीत, डेऱ्याच्या आतल्या बारीक काड्यांवर, पानांच्या बगलेत, आणि जुन्या लाकडावर सुद्धा येतात. फांदी हाताने बाजूला सारून आत बघितलंत तर लालसर देठांवर जेमतेम पाऊण सेंटीमीटरच्या गुलाबी-जांभळ्या फुलांचे छोटे छोटे घोस दिसतील, बाहेरून पत्ताही लागत नाही. म्हणजे जी फांदी आपण कचरा म्हणून काढली तिच्यावरच फळ धरणार होतं. शिवाय सावलीत राहिलेली आतली साल एकदम मे महिन्याच्या उन्हात उघडी पडली की करपते, ते वेगळंच.

फ्लोरिडामध्ये कमरखाच्या मोठ्या बागा आहेत आणि तिथले लोक बरोब्बर उलटं करतात, शेंडा छाटून झाड १२ फुटांच्या आत ठेवतात. फळ हाताशी येतं, वाऱ्याने मोडतोड कमी होते. आणि गंमत म्हणजे निवडक फांद्या छाटल्या की साधारण तीन आठवड्यांत नवीन फुलं येतात. फूल धरल्यावर फळ पिकायला दोन-अडीच महिने.

पानांची पण एक मजा आहे. एका देठावर ५ ते ११ पानोळ्या असतात आणि त्या रात्री खाली मिटतात, रात्री टॉर्च घेऊन गेलात तर झाड कोमेजलंय की काय असं वाटेल. दुपारच्या कडक उन्हात किंवा फांदी जोरात हलवली तरी थोड्याफार मिटतात. प्रत्येक पानोळीच्या बुडाशी फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशींमधून पाणी आत-बाहेर होतं आणि पानोळी वर-खाली होते. कुंड्यांमध्ये न लावता उगवणारी आंबुशी हिचीच चुलत बहीण, तीही रात्री पानं मिटते, आंबटपणाही दोघींचा एकच, ऑक्सॅलिक आम्लाचा.

त्यावरून आठवलं, मोठ्या झाडाला फळं इतकी लागतात (फ्लोरिडात वर्षाला १०० किलोच्या वर) की शेजारीपाजारी वाटावीच लागतात. पण ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांना अजिबात देऊ नका. ऑक्सॅलेट तर असतंच, शिवाय कॅरॅम्बॉक्सिन नावाचं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य असतं, ते ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये वेगळं काढून दाखवलं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते, बिघडलेली टाकू शकत नाही. मग न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा, फिट्स, आणि जीवही जाऊ शकतो.

बडोद्याची हवा झाडाला मानवते. लहान रोप शून्य अंशाला मरतं पण तेवढी थंडी इथे पडत नाही, ग्वाल्हेरच्या नातेवाईकांनी मात्र पहिले दोन-तीन हिवाळे झाकून ठेवावं. पावसात थोडे दिवस पाणी साचलं तरी लगेच मरत नाही. अडचण येते ती चुनखडीच्या काळ्या मातीची, तिच्यात लोह असून मुळांना मिळत नाही, मग नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पाणी वाढवतात, उपयोग शून्य, चिलेटेड आयर्न, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं लागतं. उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यानेही वाढ खुंटते, म्हणून पश्चिमेला भिंतीचा आडोसा बरा, फक्त भिंतीला चिकटून नको, १०-१२ फूट तरी सोडा, नाहीतर अर्धा डेरा शेजाऱ्यांच्या पार्किंगमध्ये.

बी लावाल तर फळाला चार-पाच वर्षं, आणि बी फळातून काढल्यावर काही दिवसांतच निकामी होतं, म्हणून ताजंच पेरायचं. कलम आणलंत तर एक-दोन वर्षांत फळ दिसतं आणि ते मोठ्या कुंडीत गच्चीवरही राहतं. छाटायचं असेल तर थंडीतली फळं उतरली की फेब्रुवारीत, आणि माळीभाईला आधीच सांगून ठेवा, शेंडा काप, खालच्या फांद्यांना हात लावू नकोस.