आल्प्समधील स्की-सहल : तारखा ठरवण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

आमच्या कार्यालयात येणाऱ्या ग्राहकांना स्वित्झर्लंड आता नवे राहिलेले नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी किंवा लातूरच्या अनेक कुटुंबांचे युंगफ्राउयोख पाहून झालेले असते, टिटलिसच्या फिरत्या केबल कारमध्ये बसून झालेले असते, आणि आता त्यांना बर्फ नुसता पाहायचा नसून त्यावर स्की करायला शिकायचे असते. या मागणीचे आम्हाला मनापासून स्वागत आहे. अडचण एवढीच की बहुतेक ग्राहक आमच्याकडे येतात तेव्हा त्यांच्या तारखा ठरलेल्या असतात, रजा मंजूर झालेली असते, कधी कधी सवलतीत मिळाली म्हणून विमानाची तिकिटेही काढून झालेली असतात, आणि या तारखा बहुधा मे महिन्यातल्या असतात. मग सहलीचा आराखडा दोन-तीनदा मोडून नव्याने मांडावा लागतो, त्यात त्यांचा आणि आमचा वेळ जातो, आणि तिकीट रद्द करण्याचा भुर्दंड वेगळा बसतो. तो टाळता यावा यासाठी हे पत्रक काढले आहे.

मे महिन्यात तेथे काय असते

आल्प्समधील स्कीचा हंगाम साधारणपणे डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो. स्कीसाठी प्रसिद्ध असलेली बरीचशी गावे समुद्रसपाटीपासून हजार ते अठराशे मीटर उंचीवर आहेत, आणि मे उजाडेपर्यंत या गावांभोवतालच्या उतारांवरचा बर्फ वितळून खालची कुरणे उघडी पडलेली असतात. त्यानंतर जूनमध्ये उन्हाळी पर्यटक येऊ लागेपर्यंतचा काळ हा तेथील लोकांच्या विसाव्याचा आणि दुरुस्त्यांचा असतो. त्या काळात रोपवे देखभालीसाठी बंद ठेवले जातात, अनेक हॉटेलांना कुलूप असते, आणि स्की शाळांचे प्रशिक्षक हंगामी नेमणुकीवर असल्याने तेही आपापल्या दुसऱ्या कामाला लागलेले असतात. आपल्याकडे पारा बेचाळीस अंशांवर गेलेला असताना युरोपातील पर्वत बर्फाने भरलेले असतील असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि उंच शिखरांपुरते ते खरेही आहे. परंतु शिखरावर बर्फ दिसणे आणि शिकाऊ माणसाला त्यावर स्की करता येणे यांत मोठे अंतर आहे.

दिवाळीच्या सुट्टीचीही हीच गत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बहुतेक गावांत नवा बर्फ पडून साठलेला नसतो, आणि उन्हाळी हंगामही संपलेला असतो.

यावर काही ग्राहक आम्हाला हिमनद्यांची नावे सांगतात, आणि ती नावे बरोबर असतात. स्वित्झर्लंडमधील त्सेरमाट येथे मॅटरहॉर्नच्या शेजारच्या हिमनदीवर आणि ऑस्ट्रियातील हिंटरटुक्स येथे उन्हाळ्यातही स्की चालते. ऑक्टोबरच्या अखेरीस सोल्डनच्या हिमनदीवर जागतिक करंडकाची शर्यत होते आणि तिची चित्रफीत पाहून दरवर्षी दिवाळीपूर्वी आमच्याकडे विचारणा होते. मात्र हे उतार तीन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असतात. त्सेरमाटची वरची केबल कार तर ३,८८३ मीटरवर पोहोचते, जेथे विरळ हवेमुळे नुसते चालतानाही दम लागतो. उन्हाळ्यात तेथे प्रामुख्याने सराव करणारे खेळाडू येतात, बर्फ दुपारपर्यंत मऊ पडत असल्याने स्की सकाळीच उरकावी लागते, आणि नवशिक्यासाठी हिवाळ्यात गावाशेजारी मिळतो तसा सौम्य उतार व रोजचा शिकवणीवर्ग हाताशी नसतो. ज्याने पूर्वी स्की केली आहे त्याला आम्ही तेथे आनंदाने पाठवतो. पहिल्यांदाच पायात स्की बांधणाऱ्या कुटुंबाला पाठवत नाही.

मे महिन्यातच जाणे भाग असेल, तर आमचा सल्ला असा की स्कीचा आग्रह सोडून बर्फ पाहण्याची सहल करावी. युंगफ्राउयोखचे ३,४५४ मीटर उंचीवरील रेल्वे स्थानक १९१२ सालापासून सुरू आहे आणि तेथे बाराही महिने बर्फ असतो. अशी सहल आम्ही उत्तम करून देतो. परंतु तिला स्की-सहल म्हणून विकणे आम्हाला जमत नाही. काही जाहिरातींत ‘मे महिन्यातील स्की पॅकेज’ असा शब्दप्रयोग दिसतो; त्यातील कार्यक्रम नीट वाचला तर स्कीच्या जागी रबरी टायरवर बसून तासभर घसरणे असते. मुलांना त्यातही मजा येते हे आम्ही नाकारत नाही, फक्त पैसे कशाचे भरले जात आहेत ते आधी कळावे.

मग केव्हा जावे

नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वांत महाग आणि गर्दीचा असतो. नववर्षाची गर्दी ओसरल्यानंतरचा जानेवारी आमच्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी किफायतशीर असतो: दर उतरलेले, उतार मोकळे, वर्गात विद्यार्थी कमी, मात्र थंडी कडक आणि दिवस लहान. फेब्रुवारीत फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड व इतर देशांतील शाळांना हिवाळी सुट्ट्या पडतात. फ्रान्समध्ये त्या तीन विभागांना वेगवेगळ्या आठवड्यांत दिलेल्या असल्यामुळे गर्दी जवळजवळ महिनाभर टिकते. मार्चचा मध्य आम्हाला सर्वांत आवडतो, कारण तेव्हा बर्फाचा थर अजून चांगला असतो आणि ऊन उबदार असते. मार्चअखेर जायचे झाल्यास उंचावरचे गाव निवडावे लागते. फ्रान्समधील व्हाल तोराँस २,३०० मीटरवर आहे आणि तेथील हंगाम मेच्या सुरुवातीपर्यंत लांबतो. ईस्टरची तारीख तेवढी पाहून घ्यावी. २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे, आणि त्याच्या मागचा-पुढचा आठवडा महाग असणार.

हे वेळापत्रक आपल्या वेळापत्रकाशी जुळत नाही याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. जिनिंगचा व्यवसाय असलेल्यांना आणि ज्यांचा ऊस तोडणीला आला आहे अशा शेतकऱ्यांना जानेवारीत गाव सोडता येत नाही, आणि राज्य मंडळाच्या शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये येतात. सीबीएसई शाळांतील मुलांना मार्चमधील परीक्षा आणि नवे सत्र यांच्यामध्ये काही दिवस मिळतात, तेवढ्यात सहल बसू शकते. इतरांनी जानेवारीत मुलांसाठी शाळेकडून आठवड्याची रजा मागावी. लवकर विचारल्यास अनेक शाळा ती देतात असा अनुभव आहे. दहावी-बारावीचे वर्ष असल्यास सहल पुढे ढकलावी, असे आम्ही आमच्या धंद्याचे नुकसान सोसूनही सांगतो.

महिन्याइतकाच वारही महत्त्वाचा आहे, आणि याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. स्की शाळांचे नवशिक्यांसाठीचे सामूहिक वर्ग बहुधा रविवारी किंवा सोमवारी सुरू होऊन पाच-सहा दिवस चालतात, आणि फ्रान्समधील सदनिका मोसमात मुख्यतः शनिवार ते शनिवार अशाच मिळतात. जो बुधवारी पोहोचतो त्याचा वर्ग अर्धा पुढे गेलेला असतो, आणि मग त्याला ताशी शुल्क घेणारा स्वतंत्र प्रशिक्षक घ्यावा लागतो, ज्याचा खर्च कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणून आम्ही आधी शनिवार धरतो आणि तेथून उलट मोजत येतो: समृद्धी महामार्गाने किंवा रेल्वेने मुंबई, रात्रीचे विमान, मग झुरिक किंवा जिनिव्हाहून पुढचा प्रवास. झुरिकहून त्सेरमाटला रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास लागतात, आणि त्या गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना प्रवेश नसल्याने मोटारीने आलेल्यांनाही टेश येथे गाडी ठेवून रेल्वे घ्यावी लागते. अवजड बॅगांचा विचार तेव्हाच करावा.

‘दहा दिवसांत पाच शहरे आणि दोन दिवस स्की’ ही मागणी आम्ही सहसा स्वीकारत नाही, त्याचे कारणही हेच आहे. पहिला दिवस जड बूट घालून उभे राहण्यात आणि पडून उठण्यात जातो, दुसऱ्या दिवशी अंग दुखते, आणि खरा आनंद तिसऱ्या दिवसापासून सुरू होतो. दोन दिवसांत परत फिरणारा माणूस फक्त त्रास घेऊन परततो. ज्यांना आपल्याला हे जमेल की नाही याची शंका आहे, त्यांनी आधी गुलमर्गला चार-पाच दिवस शिकून पाहावे. तीही सहल आम्ही आखून देतो. ज्यांना स्की करायचीच नाही अशा ज्येष्ठांसाठी पायी जाणाऱ्यांचे वेगळे केबल कार तिकीट असते, बर्फ दाबून तयार केलेल्या पायवाटा असतात, आणि ग्रिंडेलवाल्डसारख्या ठिकाणी लाकडी घसरगाडीचे लांबच लांब मार्ग असतात, त्यामुळे आजी-आजोबांना हॉटेलात बसवून ठेवण्याचे कारण नाही.

आम्ही पहिल्याच दिवशी दर का सांगत नाही

‘माणशी किती पडतील ते आधी सांगा’ या प्रश्नाला आम्ही लगेच उत्तर देत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. स्कीच्या गावांत एकाच खोलीचा दर आठवड्यागणिक बदलतो, आणि अनेक ठिकाणी स्की पासचा, म्हणजे उतारांवरचे रोपवे वापरण्याच्या तिकिटाचा, दरही मागणीप्रमाणे आणि किती आधी घेतला त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. तारखा नक्की नसताना सांगितलेला आकडा हा केवळ ग्राहकाला बसवून घेण्यासाठी सांगितलेला असतो. आम्ही आधी जाण्याचा आठवडा ठरवतो, मग गाव, मग राहण्याची जागा, आणि त्यानंतर खर्चाचा लेखी तपशील देतो, ज्यात स्की पास, शिकवणी आणि साहित्याचे भाडे स्वतंत्र दाखवलेले असते. या कामासाठी आम्ही आगाऊ आराखडा शुल्क घेतो आणि सहल निश्चित झाल्यावर ते अंतिम बिलातून वजा करतो.

व्हिसा मिळेपर्यंत परत न मिळणारे तिकीट काढू नये, ही आमची दुसरी अट आहे. शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांसाठी मिळून असलेल्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण अधिक कागदपत्रे मागितल्यास तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. विमान स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाला उतरत असले तरी मुक्काम शामोनीला असेल तर अर्ज फ्रान्सकडे जातो. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, परंतु साध्या प्रवासी विम्यात हिवाळी खेळ अनेकदा वगळलेले असतात. उतारावर पाय मोडल्यास हेलिकॉप्टरचे बिल रुग्णाच्या नावे येऊ शकते, म्हणून स्कीचा समावेश विमापत्रात स्पष्ट लिहून घ्यावा. इटलीत तर दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा २०२२ पासून प्रत्येक स्कीकरूला सक्तीचा आहे.

कपड्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर स्की, बूट आणि हेल्मेट तेथेच भाड्याने मिळतात, ते विकत घेऊ नयेत. सुती बनियन आणि जीन्स घालून उतारावर जाऊ नये, कारण त्या भिजल्या की वाळत नाहीत आणि अंग गारठते. गॉगलची काटकसर करू नये. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. कडक शाकाहारी ग्राहकांनी हे लक्षात ठेवावे की तेथील अनेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातून मिळणारे विरजण वापरलेले असते. अशांसाठी आम्ही स्वयंपाकघर असलेली सदनिका पाहतो, आणि भाकरीचे पीठ, मेतकूट व शेंगदाण्याची चटणी बरोबर नेण्यास सांगतो.

जानेवारी-मार्चच्या सहलीसाठी ऑगस्टमध्ये किंवा फार तर सप्टेंबरमध्ये कार्यालयात यावे. येताना सर्वांचे पासपोर्ट, मुलांच्या शाळेचे वार्षिक वेळापत्रक आणि घरात कोणाला गुडघ्याचा, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असल्यास त्याची माहिती आणावी. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असला पाहिजे. मुदत संपत आली असल्यास आधी त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज करून मग आमच्याकडे यावे.