स्टॉपरचं डोकं

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. स्पेनने कोलंबियाला १-० असं हरवलं, पण तो एकमेव गोल स्पेनच्या मुलींनी केलाच नव्हता. ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्याच बचावफळीतल्या मुलीकडून स्वयंगोल झाला. त्याआधी ८१ मिनिटं त्या फळीने काय काय अडवलं, हे आता कुणाच्या लक्षात नाही. याच मैदानावर २० डिसेंबर २०१४ रोजी पहिल्या इंडियन सुपर लीगचा निकाल भरपाई वेळेतल्या हेडरवर, म्हणजे डोक्याने मारलेल्या चेंडूवर, लागला. कॉर्नर आला, कोलकात्याचा मोहम्मद रफीक उंच उठला आणि केरळच्या बचावपटूंची दीड तासाची मेहनत पाण्यात गेली. आघाडीपटूने नऊ संधी दवडून दहावी साधली तर तो हिरो ठरतो. बचावपटूचं गणित बरोबर उलटं असतं.

या मंडळींची कारकीर्द मात्र अनेकदा आघाडीपटूंपेक्षा लांबते. पावलो माल्दिनी १९८५ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी एसी मिलानकडून उतरला आणि २००९ मध्ये चाळीस पार करून थांबला. पोर्तुगालचा पेपे २०२४ च्या युरो स्पर्धेत ४१ वर्षांचा होता. पाय थकल्यावरही ही माणसं कशी टिकतात? बचाव हा खेळ पायांइतकाच, किंबहुना जास्त, अंदाजाचा आहे.

थोडा हिशेब मांडू. पेनल्टी एरियाच्या रेषेवरून, म्हणजे साडेसोळा मीटरवरून, ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू गोलपर्यंत पोहोचायला पाऊण सेकंदही घेत नाही. डोळ्याला काही दिसून स्नायू हलायला लागेपर्यंतच सुमारे ०.२ सेकंद जातो, आणि दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचा असेल तर त्याहून जास्त. समोरचा विंगर, म्हणजे कडेने चाल करणारा खेळाडू, ताशी २५ किलोमीटरने पळत असेल तर अर्ध्या सेकंदात तो साडेतीन मीटर पुढे गेलेला असतो. पाहून मग हलायचं ठरवलं, तर बचावपटूला त्याच्या जर्सीवरचा नंबर तेवढा वाचता येईल. म्हणून हलावं लागतं ते घडण्याआधीच.

हे कसं जमतं, यावर क्रीडाशास्त्रज्ञांनी बरेच प्रयोग केलेत. एक पद्धत अशी: हल्ल्याचा व्हिडिओ दाखवायचा, पाय चेंडूला लागण्याच्या किंचित आधी पडदा काळा करायचा आणि चेंडू कुठे जाणार ते विचारायचं. कसलेले खेळाडू नवख्यांपेक्षा पुष्कळ अचूक सांगतात. नजरेचा माग घेणाऱ्या उपकरणांतून आणखी एक गोष्ट दिसली. समोरासमोरच्या लढतीत अनुभवी खेळाडूंची नजर बराच वेळ प्रतिस्पर्ध्याच्या कमरेच्या भागावर असते.

यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली, ओटीपोटात असतो. पाय चेंडूवरून फिरवता येतो, खांदा पाडता येतो, नजरेनेही फसवता येतं. गुरुत्वमध्य दुसऱ्या दिशेला न्यायचा तर मात्र जमिनीला खरोखर जोर लावावा लागतो, आणि तो जोर लपवता येत नाही. नवी मुंबईतल्या कुठल्याही टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, संध्याकाळी लहान मुलांची बॅच चालू असताना दहा मिनिटं उभे राहा. "अरे चेंडू काय बघतोस, कंबर बघ त्याची!" ही आरोळी ऐकू येईलच. त्या सरांनी शोधनिबंध वाचलेला नसतो. त्यांना कधीकाळी कुणीतरी चार-पाच वेळा सलग चकवलेलं असतं, एवढंच.

वयाची तिशी ओलांडली की झटपट आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंची ताकद ओसरू लागते, धावेची पहिली पाच पावलं मंदावतात. हजारो हल्ले पाहून मेंदूत साठलेली ओळख मात्र एवढ्या लवकर झिजत नाही. कडेच्या बचावपटूला विंगरमागे पुन्हा पुन्हा सुसाट धावावं लागतं, तर मधल्या बचावपटूला, म्हणजे स्टॉपरला, बहुतेक सामन्यांत गोलरक्षक सोडून संघात सगळ्यात कमी धाव पडते. मग वय वाढलं की कडेवरचा माणूस मध्ये सरकतो. माल्दिनी सरकला, सर्जिओ रामोस सरकला. आपला मुंबईकर राहुल भेकेही दोन्ही जागांवर खेळला आहे. एप्रिल २०२२ मध्ये रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्याच हेडरने मुंबई सिटीला एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा पहिला विजय मिळवून दिला.

गुडघ्याचं दुखणं वेगळं. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून तिरकं बांधणारा एक अस्थिबंध असतो, खेळाडूंच्या तोंडी 'एसीएल'. तो तुटायला बहुतेक वेळा कुणाची धडक लागतच नाही. प्रतिस्पर्ध्यावर झेपावताना पाय रोवला जातो, शरीर वळतं आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. पाऊल टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत काम तमाम. एवढ्या वेळात मेंदूचा कुठलाही आदेश पायापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे 'सांभाळून खेळ' हा सल्ला निरुपयोगी ठरतो. भारताचा बचावपटू संदेश झिंगनचा २०१९-२० चा अख्खा हंगाम याच दुखापतीने गेला. मुलींमध्ये हा धोका मुलांच्या दोन ते तीन पट आढळतो.

सांभाळायचं असतं ते आधी. 'फिफा ११+' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे: एका पायावर तोल, उडी मारून गुडघे सरळ रेषेत ठेवत उतरणं, मांडीमागच्या स्नायूंचा व्यायाम. आठवड्यातून दोन-तीनदा नेटाने केला तर दुखापती लक्षणीय कमी होतात, हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय. आपल्याकडे अडचण अशी की टर्फ तासावर भाड्याने मिळतं. दहा-बारा जणांनी वर्गणी काढून घेतलेल्या तासातली वीस मिनिटं एका पायावर उभं राहण्यात कोण घालवणार? स्लॉट सुरू व्हायच्या आधी गेटबाहेर, पार्किंगमध्ये हे सगळं फुकटात उरकता येतं. माझ्या पाहण्यात तरी कुणी ते करत नाही.

आता हेडर. चेंडूचं वजन नियमाने ४१० ते ४५० ग्रॅम. समजा ४३० ग्रॅमचा चेंडू लांबून ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने आला आणि स्टॉपरने तो सेकंदाला १० मीटर वेगाने परत धाडला. वेगातला एकूण बदल सेकंदाला ३० मीटरचा. कपाळ आणि चेंडू एकमेकांना साधारण १५ मिलिसेकंद टेकलेले असतात. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सरासरी बल निघतं ८६० न्यूटन, म्हणजे क्षणभर कपाळावर सुमारे ८८ किलोंचा भार. कवटीला त्याचं काही वाटत नाही. प्रश्न आत द्रवात तरंगणाऱ्या मेंदूचा आहे. डोक्याला झटका बसतो, ते किंचित फिरतं, तेव्हा चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. मान आवळून डोकं धडाशी घट्ट जोडलं तर तोच मार जास्त वस्तुमानावर पसरतो आणि झटका कमी होतो. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान बारीक, म्हणून त्यांना ते साधत नाही.

याचा दूरवरचा परिणाम ग्लासगो विद्यापीठातल्या विली स्ट्युअर्ट यांच्या गटाने तपासला. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना त्यांनी सर्वसामान्य लोकांशी केली. मज्जासंस्थेच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट निघाले. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२१ मध्ये त्यांनी खेळाडू मैदानावर कुठे खेळत होता, त्यानुसार आकडे लावले, आणि मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हेच. क्वचितच हेडर मारणाऱ्या गोलरक्षकांमध्ये फारसा फरक दिसला नाही. बचावपटूंमध्ये धोका सुमारे पाच पट होता. कारकीर्द जितकी लांब, तितका तो वाढत गेला. म्हणजे ज्या जागेवर माणूस चाळिशीपर्यंत टिकू शकतो, तिथेच जास्त टिकण्याची किंमत सगळ्यात मोठी.

घाबरून जायचं कारण नाही. या अभ्यासात कुणी हेडर मोजले नव्हते. त्यातले बरेच खेळाडू पाण्याने जड होणाऱ्या कातडी चेंडूच्या जमान्यातले होते, आणि हृदयविकाराने व फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यांच्यात उलट कमी होते. पण १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघाच्या बचावफळीतल्या चौघांपैकी रे विल्सन आणि जॅक चार्ल्टन या दोघांना उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठलं, हेही खरं.

आता नियम हलू लागलेत. बचावपटूचं काम नियमांनी याआधीही बदललंय. १९२५ मध्ये आघाडीपटूने गोलकडे किती पुढे उभं राहावं हे ठरवणारा ऑफसाइडचा नियम सैल झाला, गोलांचा पाऊस पडू लागला आणि तो थोपवायला मधोमध उभा राहणारा स्टॉपर जन्मला. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने दिलेला पास हातात घ्यायची गोलरक्षकाला बंदी आली आणि स्टॉपरला नीट पास द्यायला शिकावं लागलं. इंग्लंडमध्ये २०२१-२२ पासून व्यावसायिक खेळाडूंना सरावात आठवड्याला जोरकस हेडर दहाच, असा सल्ला आहे. तिथल्या लहान मुलांच्या सामन्यांतून तर मुद्दाम मारलेला हेडर टप्प्याटप्प्याने काढून टाकला जातोय, हेडर मारलाच तर समोरच्या संघाला फ्री किक.

आपल्याकडच्या सरांना त्यासाठी कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. बारा वर्षांखालच्या बॅचला उडी, वेळ साधणं आणि मान आवळणं हे सगळं फुग्यावर किंवा हलक्या स्पंजच्या बॉलवर शिकवता येतं. खरा चेंडू डोक्याच्या उंचीवर आला तर तो छातीवर घ्यायला लावायचा.