बुफेच्या टेबलावर व्हायकिंग कुठून आले?

जपानमधल्या हॉटेलांत बुफेला सर्रास 'बायकिंगु' म्हणतात. बायकिंगु म्हणजे व्हायकिंग. उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लुटारूंचं नाव हॉटेलच्या नाश्त्याला चिकटलं कसं, ही गोष्ट नुसती गमतीची नाही. आजच्या 'इंटरनॅशनल बुफे'चा निम्मा इतिहास त्या एका शब्दात अडकलेला आहे.

टोकियोतल्या एका जुन्या, मानाच्या हॉटेलचे प्रमुख १९५७ साली डेन्मार्कमध्ये होते. तिथे त्यांना लांबलचक टेबलावर थंड मासे, मांस, चीज, गरम पदार्थ असं सगळं एकदम मांडलेलं आणि पाहुणे स्वतःच्या हाताने वाढून घेताना दिसले. त्यांच्या हॉटेलचा एक शेफ तेव्हा पॅरिसमध्ये शिकत होता. ही पद्धत नीट बघून घेण्याचं काम त्याच्याकडे आलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५८मध्ये, टोकियोत नवं रेस्तराँ सुरू झालं. अडलं ते नावापाशी. या पद्धतीचं स्वीडिश नाव 'स्मॉर्गसबोर्ड' जपानी जिभेवर बसेना. त्याच सुमारास जवळच्या थिएटरात व्हायकिंगांवरचा एक हॉलिवूडपट लागला होता आणि त्यात दणदणीत मेजवानीचं दृश्य होतं. स्कँडिनेव्हिया म्हणजे व्हायकिंग आणि व्हायकिंग म्हणजे पोटभर खाणं, अशी सांगड बसली. एका रेस्तराँचं नाव बघता बघता देशभर सामान्यनाम झालं.

आता मूळ शब्द बघा. 'स्मॉर्गस' म्हणजे लोणी लावलेला पाव, 'बोर्ड' म्हणजे टेबल. त्या 'स्मॉर्गस'मधला 'गॉस' म्हणजे हंस. लोणी घुसळताना वर तरंगणारे गोळे हंसांसारखे दिसतात, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. या टेबलाचा पूर्वज आणखी लहान होता. जेवणाआधी पाहुण्यांनी उभ्याउभ्या मद्याचा घोट घ्यायचा आणि सोबत पाव, चीज, खारवलेला मासा तोंडात टाकायचा, एवढंच. रेल्वे आल्यावर स्टेशनवरच्या उपाहारगृहांत हे टेबल वाढत गेलं आणि पाहता पाहता तेच पूर्ण जेवण झालं. पण त्याला क्रम होता. आधी हेरिंग, मग इतर मासे, मग थंड मांस, मग गरम पदार्थ, आणि दर फेरीला नवी ताटली. माशाच्या ताटलीत गरम पदार्थ वाढून घेणारा माणूस तिथे अडाणी ठरत असे. टोकियोला पोहोचताना टेबल पोहोचलं, शिस्त वाटेत गळली. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनात हे टेबल फिरतं ठेवलं होतं आणि अमेरिकनांना त्याची भुरळ पडली होती. तिथेही लोकांच्या लक्षात राहिली ती रेलचेलच.

बुफेचा जन्म लास वेगासमध्ये झाला, असं ठासून सांगणारेही आहेत. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पदार्थ मांडून ठेवणं ही एक गोष्ट, आणि एकदा पैसे भरून हवं तेवढं खाणं ही वेगळी. दुसरीचं श्रेय वेगासला द्यायला हरकत नाही. १९४०च्या दशकात तिथल्या एका कॅसिनो-हॉटेलने मध्यरात्रीनंतर अगदी स्वस्तात हवं तेवढं खा, अशी सोय केली. हेतू साधा होता. भूक लागली म्हणून जुगाराच्या टेबलावरून उठलेलं गिऱ्हाईक दाराबाहेर पडू नये. जेवणात घाटा आला तरी तो पत्त्यांवर भरून निघत असे. 'अनलिमिटेड' या शब्दामागे पाहुणचारापेक्षा हा हिशेब जास्त आहे, हे मराठीत बुफेला 'स्वरुचिभोजन' म्हणताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.

त्याआधीचं थोडक्यात. 'बुफे' हे मुळात फर्निचरचं नाव, चांदीची भांडी मिरवायचं फडताळ. फ्रेंच पद्धतीत सगळे पदार्थ एकदम टेबलावर येत. एका रशियन राजदूताने १८१०च्या सुमारास पॅरिसमध्ये एकामागून एक पदार्थ वाढायची रीत रुजवली, असं मानतात. रेस्तराँनी ती उचलली आणि एकदम मांडलेलं टेबल कोपऱ्यात सरकलं.

ते परत आलं ते जेट विमानांच्या जमान्यातल्या हॉटेलांबरोबर. एकाच सकाळी वेगवेगळ्या देशांतले पाहुणे वेगवेगळ्या वेळी उठून खाली येणार. प्रत्येकाची ऑर्डर घ्यायची तर वेटर आणि स्वयंपाकघर दोन्हींची दमछाक. म्हणजे 'इंटरनॅशनल' होते ते आधी पाहुणे. पदार्थ त्यांच्यामागून आले. उतरंडही तेव्हापासूनची: सॅलड, पाव आणि सूप सुरुवातीला, महागाचं मांस अगदी शेवटी, तेही शेफच्या सुरीखाली. तिथवर पोहोचेतो ताटली भरलेली असते. मला हा हॉटेलवाल्यांचा लबाडपणा वाटत नाही, कौशल्य वाटतं. चेफिंग डिशचंही तसंच. खाली जेलची ज्योत, मध्ये पाण्याचा ट्रे, वर पदार्थ. ज्योत थेट लागत नाही म्हणून तळ करपत नाही. पण ही डिश अन्न गरम ठेवते, गरम करत नाही. थंड पदार्थ तिच्यात ओतला तर तो ६० अंशांच्या वर जायला फार वेळ घेतो, आणि तोवर जंतूंचं फावतं.

समोरची तिरकी काच मात्र नंतरची. एका अमेरिकन रेस्तराँमालकाने १९५९ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची स्वतःची स्मॉर्गसबोर्ड रेस्तराँ होती आणि टेबलावर वाकून शिंकणारी गिऱ्हाइकं त्याने रोज पाहिली होती.

काचेने शिंक अडते, हात अडत नाहीत. २०२०मध्ये, कोरोनाच्या साथीत, जपानच्या सार्वजनिक वाहिनीने दहा जणांना बुफेला बसवून एकाच्या हाताला अतिनील प्रकाशात चमकणारा रंग लावला. अर्ध्या तासात तो सगळ्यांच्या हातांवर आणि तिघांच्या चेहऱ्यावर पोहोचला. चिमट्यांच्या दांड्यांवर तर होताच. त्याच वर्षी अमेरिकेतली सॅलड-बुफेची एक मोठी साखळी बंद झाली. वेगासमधले कित्येक बुफे पुन्हा उघडलेच नाहीत.

जे उघडले त्यांतल्या काहींनी ताटल्या लहान केल्या, काहींनी एकेका घासाच्या वाट्या भरून ठेवल्या. याला साथीचं निमित्त मिळालं, पण प्रयोग जुना होता. नॉर्वेच्या हॉटेलांमध्ये २०१२मध्येच ताटलीचा आकार घटवून पाहिला होता आणि वाया जाणारं अन्न सुमारे २० टक्क्यांनी कमी झालं होतं. दुसऱ्या काही हॉटेलांत ताटल्या तेवढ्याच ठेवून फक्त पाटी लावली: पुन्हा पुन्हा या, एकदम भरून घेऊ नका. फरक जवळपास तेवढाच पडला.