शून्यलब्धी, विकलन आणि मुतखडा : कॅल्क्युलसच्या विनोदांची पार्श्वभूमी

बारावीची परीक्षा जवळ आली की मालवणकडे एक जुनी गजाल ऐकू येते. "काय झाला तुका?" "कॅल्क्युलस." "मगे कुळथाचा कढण पी!" कॅल्क्युलस म्हणजे बारावीच्या गणितातला, बदलत्या राशींचा हिशेब करणारा भाग. मुतखड्यावर कुळथाचं कढण हा कोकणातला घरोघरचा उपाय, आणि डॉक्टरांच्या भाषेत मुतखड्यालाही कॅल्क्युलसच म्हणतात. गंमत अशी की या विनोदातली व्युत्पत्ती अगदी खरी आहे. लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे लहान खडा. खडे मांडून हिशेब होत असे, म्हणून हिशेबालाही तोच शब्द चिकटला. पोटातला खडा आणि पुस्तकातला खडा एकाच घरचे.

कॅल्क्युलस आधी कोणाला सुचलं, हा वाद बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. पण त्यात एक शब्दखेळही आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. १६७६ मध्ये न्यूटनने आपल्या जर्मन प्रतिस्पर्ध्यासाठी, लायब्निट्ससाठी, लिहिलेल्या पत्रात पद्धतीचं सार एका लॅटिन वाक्यात मांडलं आणि ते वाक्य फोडून नुसती अक्षरांची मोजदाद लिहिली: सहा 'ए', दोन 'सी', एक 'डी', पुढे तेरा 'ई', असं करत शेवटच्या 'एक्स'पर्यंत. शोध आपला ठरावा, पण दुसऱ्याला कळू नये, अशी ती सोय होती. प्रतिस्पर्ध्याने १६८४ मध्ये आपली रीत उघडपणे छापली. १७१२ मध्ये लंडनच्या विद्वत्सभेने चौकशी समिती नेमली, निकाल न्यूटनच्या बाजूने लागला, आणि अहवालाचा मोठा भाग सभेचा अध्यक्ष म्हणून खुद्द न्यूटननेच लिहिला होता. कोडं घालून हक्क सांगणं मला पटत नाही. आज आपली मुलं वहीत जो 'डी' आणि जो लांबट 'एस' काढतात, ती चिन्हं उघडपणे छापणाऱ्याची आहेत.

या गणितावरचा सर्वांत बोचरा विनोद मात्र १७३४ चा, आणि तो एका आयरिश बिशपचा, बर्कलीचा. बदलाचा वेग काढायला राशीत एक बारीकशी वाढ धरतात. त्याचं म्हणणं असं: आधी ती वाढ शून्य नाही असं धरून तिने भागायचं, आणि भागून झालं की ती शून्यच आहे म्हणून टाकून द्यायची, हा कुठला न्याय? अशा वाढींना त्याने दिवंगत राशींची भुतं म्हटलं. देवचार आणि चकव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोकणी मुलाला हे भूत लगेच ओळखू येईल: दिसतं म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर वाट चुकवतं. 'सीमा' (लिमिट), म्हणजे राशी जिच्याजवळ सरकत जाते ती संख्या, या कल्पनेने ते बांधायला १८२१ साल उजाडावं लागलं, तेही पॅरिसमध्ये.

हे भूत मराठीत आलं ते देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या माणसाच्या हातून. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर म्हणून आपण त्यांना ओळखतो. डिफरन्शियल कॅल्क्युलसला, म्हणजे बदलाचा वेग काढणाऱ्या भागाला, त्यांनी दिलेलं नाव होतं शून्यलब्धी. १८४६ मध्ये ते गेले, म्हणजे पॅरिसची ती मांडणी तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांची होती.

शून्यलब्धी हा शब्द आज कोणी उच्चारला तर वर्गात हशा पिकतो, कारण मुलांना त्यात पेपरात मिळालेलं शून्य ऐकू येतं. पण शब्द नीट फोडून पाहा. जुन्या गणितात लब्धी म्हणजे भागाकाराचं फळ. भाज्य आणि भाजक दोन्ही शून्याकडे सरकत असताना भागाकार ज्या संख्येपाशी येऊन ठेपतो, ती शून्यलब्धी, असं मी तरी वाचतो. बिशपने ज्या जागेवर बोट ठेवलं, नेमकी तीच जागा या नावात आहे. अडचण न लपवणारं असं नाव मला इंग्रजीतही दिसत नाही.

पुढे परिभाषा ठरवताना ते मागे पडलं. डिफरन्शिएशन आणि इंटिग्रेशन या जोडीसाठी कुठे अवकलन-समाकलन आलं, कुठे विकलन-संकलन. बाराव्या शतकातल्या लीलावतीत संकलित म्हणजे साधी बेरीज आणि व्यवकलित म्हणजे वजाबाकी, त्यामुळे 'कलन' परंपरेतलंच आहे, हे मान्य. पण ते अर्थ सांगत नाही. विकल म्हणजे व्याकूळ, मग विकलन शिकणारा विकल होणारच. संकलन म्हटलं की गावात दूध संकलन केंद्र आठवतं. उरला तो एकच खेळ: कलन झालं, आकलन झालं नाही. किंवा त्याहून घरगुती: कळलं नाही, नुसती कळ आली.

विनोदही त्यामुळे भाषा बदलून बसले. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं अकरावी विज्ञानाला इंग्रजीत जातात, आणि तिथे त्यांना तयार कोटी मिळते: 'एक भागिले केबिन'चं इंटिग्रेशन काय? लॉग केबिन, म्हणजे लाकडी ओंडक्यांचं घर. चूक, 'अधिक सी' राहिला (सी हा स्थिरांक, आणि इंग्रजीत 'सी' म्हणजे समुद्रही), म्हणजे हाउसबोट! स्थिरांक विसरण्याची चूक या कोटीने कायमची लक्षात राहते, आणि तारकर्लीला हाउसबोट पाहिलेल्या मुलांना ती समजवावी लागत नाही. कोटी चांगलीच आहे, पण परकी आहे.

दरवर्षी ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, पोंभुर्ल्याची आठवण निघते ती वृत्तपत्रासाठी. त्या दिवशी गावच्या शाळेत एखाद्या गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर शून्यलब्धी एवढा एकच शब्द लिहावा, मुलांना पोटभर हसू द्यावं, आणि मग तो शब्द फोडून दाखवावा, असं मला फार वाटतं.